आठ लाखांचं मशीन, आंबट ताक आणि एक नोटीस

मिक्सर घ्यायचा होता तेव्हा मी दोन रात्री जागून लोकांचे रिव्ह्यू वाचले होते. सोसायटीसाठी आठ लाखांचं खतयंत्र घेताना मात्र एक ओळसुद्धा वाचली नाही. टेबलावर महापालिकेची नोटीस होती, तिच्यात सात दिवसांची मुदत होती आणि चेअरमनकाकांचा बीपी वाढला होता. म्हणून आता, दोन वर्षांनी, दुसऱ्या कुणाच्या टेबलावर तसाच कागद असेल तर त्याच्यासाठी हे लिहिते आहे.

मी बँकेतून निवृत्त झाले, आता सोसायटीची बिनपगारी खजिनदार. तीन विंग, ११२ फ्लॅट, मुंबईचं पूर्व उपनगर, मध्य रेल्वे. सोसायटीचं नाव सांगत नाही आणि मशीन कंपनीचंही नाही, कारण पैशांचा पत्रव्यवहार अजून चालू आहे.

नोटीस ऑगस्ट २०२३ मध्ये आली. १८८८ चा मुंबई महापालिका कायदा आणि २०१६ चे घनकचरा नियम, दोघांचा हवाला. सार एवढंच की रोज सरासरी १०० किलोच्या वर कचरा करणारे तुम्ही मोठे उत्पादक आहात, तेव्हा ओला कचरा आवारातच जिरवा. ‘उत्पादक’ हा शब्द वाचून आमच्या ए विंगमधले एक काका जरा सुखावले होते, पण ते असो. कमिटीचं एकमत झालं की आपण त्या १०० किलोत येत नाही. ११२ घरांत असा कितीसा कचरा होणार?

मी मोजायचं ठरवलं. कोपऱ्यावरच्या भंगारवाल्याचा काटा रोज सकाळी अर्धा तास भाड्याने घेतला आणि आठ दिवस वही भरली. सरासरी १६८ किलो, त्यात ओला ९४. सोमवारचा आकडा सगळ्यात जड, कारण रविवारची कोलंबीची सालं, नारळाच्या करवंट्या, कणसांचे बुरकुंडे. संकष्टीला जरा हलका. वही कमिटीपुढे ठेवली तेव्हा कुणी काही बोललं नाही. फक्त काटा बरोबर आहे ना, एवढं विचारून झालं.

खरं सांगायचं तर नोटीस अचानक आली असं म्हणायला आम्हाला तोंड नव्हतं. अलमित्रा पटेल यांनी १९९६ साली शहरांतल्या कचऱ्याच्या प्रश्नावर सुप्रीम कोर्टात याचिका केली, त्यातून २००० चे नियम आले, ते बदलून ८ एप्रिल २०१६ ला नवे आले. २ ऑक्टोबर २०१७ पासून मोठ्या सोसायट्यांचा ओला कचरा उचलणार नाही, असं महापालिकेने आधीच जाहीर केलं होतं. आमच्या सोसायटीने तेव्हा त्या बातमीचं कात्रण नोटीस बोर्डावर लावलं. सहा वर्षांत आमची अंमलबजावणी तेवढीच. कात्रण पिवळं पडून गळून गेलं.

आणि कचरा कुठे जातो हे आम्हाला माहीत नव्हतं असंही नाही. पूर्व उपनगरातल्या माणसाला ते नाकच सांगतं. मुलुंडचं डम्पिंग २०१८ मध्ये बंद होईपर्यंत वारा फिरला की आमच्याकडे खिडक्या लागायच्या. देवनारला १९२७ पासून कचरा पडत आला. जानेवारी २०१६ मध्ये तिथे आग लागली तेव्हाचा धूर आठवत नाही असा माणूस इकडे सापडायचा नाही. त्याच वर्षी फेब्रुवारीत हायकोर्टाने मुंबईत नव्या बांधकामांच्या परवानग्या थांबवल्या, कारण कचऱ्याची सोय नाही आणि इमारती मात्र वाढताहेत. सुप्रीम कोर्टाने मार्च २०१८ मध्ये अटी घालून ती बंदी सैल केली. आता शहराचा बहुतेक कचरा कांजूरमार्गला जातो. म्हणजे आमच्यापासून दोन-चार स्टेशनांच्या अंतरावर. एवढं सगळं नाकाखाली घडूनसुद्धा आम्ही नोटिशीचं पाकीट येईपर्यंत थांबलो.

आता मशीन.

सेल्सचा मुलगा हुशार होता. सोसायटीच्या हॉलमध्ये त्याने एका बरणीतून तपकिरी भुकटी काढली, तळहातावर घेऊन माझ्या नाकाशी धरली आणि म्हणाला, “मॅडम, कॉफीसारखा वास येतो की नाही?” येत होता. “सकाळी कचरा टाका, दुसऱ्या दिवशी खत.” १२५ किलोची क्षमता, आत फिरणारी पाती, खाली हीटर, वर वाफेचा पाइप, बाहेर हिरवा दिवा. आठ लाख चाळीस हजारांवरून घासाघीस करून सात लाख नव्वदवर आणलं, जीएसटी वेगळा. पैसे दुरुस्ती निधीतून दिले आणि सर्वसाधारण सभेची मंजुरी मागाहून घेतली. बँकेत हे केलं असतं तर माझी चौकशी लागली असती.

मशीन सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात आलं. १९ तारखेला गणपती. पाचव्या दिवशी सोसायटीच्या मंडपातलं आणि घराघरांतलं निर्माल्य आत गेलं, आणि हारांचे दोरे पात्यांच्या दांड्याला असे गुंडाळले गेले की आतून वेणी घातल्यासारखं दिसत होतं. सर्व्हिसवाला ‘उद्या येतो’ म्हणाला. असे सहा उद्या गेले. तोवर आत काय झालं असेल ते तुमच्या लक्षात आलंच असेल, वर्णन करत नाही.

डिसेंबरात एक स्टीलचा चमचा अडकला. पात्याला पीळ बसला आणि बिल आलं अठरा हजारांचं. ‘कटलरी वॉरंटीत बसत नाही’ हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. चमचा कुणाचा, यावर बी विंगमध्ये अजून बोलणं होतं. तो माझ्या ड्रॉवरमध्ये पुरावा म्हणून ठेवलेला आहे. मेमध्ये आंब्याच्या कोयी आल्या. कंपनीचं म्हणणं, कोयी टाकायच्या नाहीत. करवंट्या नाहीत, हाडं नाहीत, कणसांचे बुरकुंडे नाहीत. मग मुंबईतल्या मराठी घराने मे महिन्यात नेमका कुठला ओला कचरा करावा, हे पत्रात विचारलं. उत्तर नाही.

पण बिघाड मी माफ केले असते, मशीन म्हटलं की ते आलेच. माफ न होण्यासारखी गोष्ट ती कॉफी.

पहिलं ‘खत’ मी हौसेने घरी आणलं आणि बाल्कनीतल्या तुळशीला दोन मुठी घातलं. दहा दिवसांत तुळस पिवळी पडून गेली. सासूबाई चार दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. मग मी वाटीभर भुकटी ओल्या फडक्यात बांधून खिडकीत ठेवली. तिसऱ्या दिवशी पांढरी बुरशी आणि नासक्या भाजीचा अगदी ओळखीचा वास. म्हणजे कचरा कुजलाच नव्हता, फक्त वाळला होता. पापड उन्हात वाळला म्हणून तो पचला असं होत नाही. ओल्या कचऱ्यात निम्म्याहून जास्त पाणीच असतं, ते हीटरने उडवलं की ९४ किलोचं वीस-बावीस किलो होतं आणि डोळ्याला चमत्कार वाटतो. कुंडीत पाणी मिळालं की तीच भुकटी पुन्हा कुजायला लागते, मुळांशी गरम होते आणि रोपाचा नत्र स्वतःच खाते. कंपनीच्या पुस्तिकेत शेवटून दुसऱ्या पानावर, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात लिहिलं होतं की बाहेर काढल्यावर १० ते १५ दिवस मुरवणं आवश्यक. कुठे मुरवायचं? त्यासाठी जागा लागते, ऊन-पावसापासून आडोसा लागतो, ढवळायला माणूस लागतो. एवढं सगळं असतं तर मशीन कशाला घेतलं असतं?

खर्च सांगते. रोज ४५ युनिट वीज, कॉमन मीटरवर महिन्याला १४,८५० रुपये. चालवणाऱ्या मुलाचा पगार १२,०००. वार्षिक देखभालीचे ६२,०००, म्हणजे महिन्याला पाच हजारांच्या वर. कंपनीचीच जिवाणूंची पूड, ३,०००. सगळं मिळून महिना ३५ हजार, आणि त्यातून निघणारा माल कुंडीत घालायची सोय नाही.

जून २०२४ मध्ये आम्ही ते बंद केलं. आणि इथे एक कबुली द्यायची आहे. पुढचे चार-पाच महिने ओला कचरा काळ्या पिशव्यांत भरून, वर पुठ्ठे टाकून, सुक्याच्या गाडीत गेला. गाडीवरच्या माणसाला कळत नव्हतं असं नाही. सहा फुटांवरून वास येत होता. ठराव कुणी केला नाही, विरोधही कुणी केला नाही. मीही नाही.

याच काळात तपासणी झाली. आलेले साहेब सभ्य होते, पाणीसुद्धा घेतलं नाही. मशीन दाखवा म्हणाले. आम्ही ताडपत्री काढली. चालू करा म्हणाले. बटण दाबलं, हिरवा दिवा लागला, रिकाम्या पोटात पाती गरगर फिरली. साहेबांनी फोटो काढला, फॉर्मवर कंपनीचं नाव, मॉडेल आणि क्षमता लिहून घेतली आणि सही मागितली. खत कुठे आहे, हे त्या फॉर्मवर कुठेच विचारलेलं नव्हतं. मी आयुष्यभर ऑडिटला तोंड दिलेली बाई. तारण न बघता तारणाची पावती बघून गेलेला ऑडिटर मी पहिल्यांदाच पाहिला. सुटलो म्हणून चेअरमनकाकांनी चहा पाजला. मला मात्र तो चहा गोड लागला नाही.

मशीनला पाचांतला एक तारा, तोही दिव्यासाठी.

आता ज्याला साडेचार द्यायचे, त्याच्याकडे येते.

कचरा वेचणाऱ्या बायकांना शिकवून सोसायट्यांच्या खतखड्ड्यांवर काम मिळवून द्यायचं काम मुंबईत स्त्री मुक्ती संघटनेच्या ‘परिसर विकास’ने १९९८ पासून केलं. त्या बायकांना ‘परिसर भगिनी’ म्हणतात, हे मी कधीतरी वाचलं होतं. आमच्याकडे ज्या दोघी येतात त्या कुठल्या संस्थेच्या नाहीत, पण हेच काम दुसऱ्या सोसायटीत शिकून आता आपलं आपण घेतात. माझ्या मैत्रिणीच्या सोसायटीत त्यांना काम करताना पाहिलं आणि नोव्हेंबर २०२४ पासून बोलावलं. आम्ही त्यांना थोरल्या मावशी आणि धाकट्या मावशी म्हणतो.

पंपरूमच्या मागे विटांचे चार हौद बांधले, भिंतीत भोकं ठेवून, वर पत्रा. खर्च एक लाख पस्तीस हजार. गवंड्याला भोकं ठेवा म्हटल्यावर तो माझ्याकडे बघतच राहिला. ही कल्पना नवी नाही, आपल्या पुसदच्या ना. दे. पांढरीपांडे यांची आहे. त्यांच्याच आद्याक्षरांवरून त्याला ‘नाडेप’ म्हणतात, आणि विदर्भातला कुठलाही शेतकरी तो हौद ओळखेल. भोकांतून हवा खेळते, म्हणून कचरा सडत नाही, कुजतो. या दोन शब्दांतला फरक मला थोरल्या मावशींनी नाकाने शिकवला.

पद्धत साधी. खाली वाळकी पानं, वर ओला कचरा, त्यावर लाकडाचा भुसा किंवा कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुगा), आणि विरजण म्हणून जुन्या खताची दोन घमेली. सुरुवातीला जुनं खत नव्हतं तेव्हा मावशींनी सात घरांतून आंबट ताक गोळा केलं. कंपनीच्या तीन हजारांच्या पुडीचं काम फुकटच्या ताकाने झालं. तिसऱ्या दिवशी फावड्याने वरखाली. मूठभर घेऊन दाबायचं, पाणी टपकलं तर भुसा कमी, मूठ उघडल्यावर भुगा झाला तर पाणी कमी. आठवड्यात हौद इतका तापतो की आत हात घालवत नाही. मी घरातला ताप मोजायचा थर्मामीटर घातला, तो ४२ च्या पुढे जायलाच तयार नाही. मग मुलाने लांब दांडीचा आणून दिला, ६१ अंश निघाले. करवंट्या मावशी वेगळ्या काढतात, कोयी फोडून टाकतात. पन्नासेक दिवसांनी चाळून काळं, मोकळं खत. पाऊस पडल्यावर मातीला येतो तसा वास, कॉफीचा नाही. महिन्याला चारेकशे किलो निघतं. बाल्कनीत नवी तुळस आहे आणि सासूबाई आता खत मागून घेतात.

दोघींना मिळून २२,०००, भुसा वगैरे अडीच हजार. महिना साडेचोवीस. वीज शून्य.

अर्धा तारा का कापला, तेही सांगते. जुलैत पाऊस आडवा मारून भोकांतून आत शिरला, हौदात आळ्या झाल्या आणि बी विंगच्या तिसऱ्या मजल्यावरच्या एकाने ग्रुपवर व्हिडिओ टाकला, खाली सोळा रागावलेले चेहरे. आळ्या कचरा खाऊन कामच करतात, हे मावशींचं म्हणणं बरोबर होतं, पण ते चार इंचांवरून व्हिडिओ काढणाऱ्याला पटत नाही. शेवटी ताडपत्रीचे पडदे लावले आणि भुसा दुप्पट केला. उंदीर आले ते माशांच्या काट्यांमुळे, आता काटे मधोमध पुरतात. दोघीही शिमग्याला एकदम गावी गेल्या तेव्हा पाच दिवस मी आणि वॉचमनने फावडं मारलं. माझी कंबर अजून सांगते. आणि वाळकी पानं. फेब्रुवारी-मार्चमध्ये रस्त्यावर बदामाची पानं ढिगाने पडतात तेव्हा पोती भरून ठेवली नाहीत, तर पावसाळ्यात बोंब. पहिल्या वर्षी ठेवली नव्हती.

खरी मजा मात्र दारावर झाली. मावशींची एकच अट होती, मिसळलेला डबा आम्ही घेणार नाही. न घेता तो दारातच परत ठेवायचा. पहिल्या दिवशी ११२ पैकी ७३ डबे परत गेले. डायपर आणि सॅनिटरी पॅड नीट गुंडाळून ओल्यात न टाकता सुक्या कचऱ्यात द्यायचे, हे २०१६ च्या नियम ४ मध्येच लिहिलेलं होतं. पण तो नियम आमच्या जिन्यात पहिल्यांदा शिरला तो धाकट्या मावशींच्या पायांनी. सातव्या मजल्यावर एक वकील आहेत. त्यांनी विचारलं, “माझा डबा परत ठेवायचा अधिकार तुम्हाला कुठल्या नियमाखाली?” धाकट्या मावशी म्हणाल्या, “वास येतोय त्या नियमाखाली.” महिन्याभरात परत जाणारे डबे नवावर आले. दंड एक रुपयाचा नाही.

दंडावर माझा राग नाही, पण त्याचा अनुभव आपल्या सगळ्यांनाच आहे. मुंबईत २००६ साली महापालिकेचे स्वच्छतेचे उपविधी आले, थुंकायला २०० रुपये. घाण करणाऱ्याला जागेवर दंड करणारे क्लीन-अप मार्शल आले, गेले, २०२४ मध्ये पुन्हा आले, एप्रिल २०२५ मध्ये पुन्हा बंद झाले. प्लास्टिकबंदी २३ जून २०१८ पासून लागू झाली, पहिल्या वेळी ५,००० रुपये दंड. त्या आठवड्यात आमचा भाजीवाला वर्तमानपत्रात कोथिंबीर बांधून देत होता. आता पिशवी गोणपाटाखालून निघते, एवढाच फरक. २०२५ च्या उपविधींच्या मसुद्यात कचरा टाकण्याचा दंड ५०० करायचा आणि घरटी शुल्क लावायचं असं आलं तेव्हा आमच्या ग्रुपवर दोन दिवस वादळ होतं. मला मात्र ती ७३ डब्यांची सकाळ आठवत होती. पुन्हा येणारं माणूस आणि तेच दार, एवढ्यावर जे झालं ते एकदाच येणाऱ्या पाकिटाने झालं नव्हतं. तरीही नोटिशीला मी तीन तारे देईन. ती आली नसती तर मी काटा भाड्याने आणला नसता.

एक गोष्ट मनातून जात नाही. थोरल्या मावशी गोवंडीच्या शिवाजीनगरात राहतात, देवनारच्या डोंगराच्या पायथ्याशी. पहाटे हार्बरने कुर्ला, तिथून गाडी बदलून आमच्याकडे. आमचा ९४ किलो कचरा त्यांच्या घरामागच्यासारख्या डोंगरावर जाऊ नये म्हणून रोज एवढा प्रवास. मी विचारलं, तुमच्या गल्लीत असे हौद करता येतील का? त्या हसल्या. म्हणाल्या, “ताई, आमच्या गल्लीत दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला मागे जावं लागतं. हौद कुठं ठेवू, डोक्यावर?” त्या गल्लीत माझ्यासारखी नोटीस कुणाला येणार नाही, पत्ता लागेल असं गेटच नाही तिथे.

गेल्या महिन्यात पुन्हा तपासणी झाली, साहेब नवे. मशीन कुठे म्हणाले. मी त्यांना हौदाकडे नेलं, फळी काढली, लांब दांडीचा थर्मामीटर हातात दिला. त्यांनी वाकून वास घेतला, मग घरच्या गुलाबासाठी मिळेल का म्हणून विचारलं. दोन किलोची पिशवी ४० रुपयांना विकली, पावती दिली. फॉर्मवर ‘यंत्राची क्षमता’ होतं तिथे त्यांनी थोडा विचार करून रेघ मारली.

मशीन अजून पंपरूमच्या बाजूला ताडपत्रीखाली आहे. भंगारवाल्याने आपल्याच त्या काट्याच्या भरवशावर किलोने भाव सांगितला आहे, तो इथे लिहवत नाही. एवढं वाचूनही कुणाला हवं असेल तर सर्वसाधारण सभेच्या आधी कळवा. उचलून न्यायचा खर्च तुमचा. सोबत चमचा देऊ.